खाद्यतेल टिकवण्यासाठी वनस्पती-अर्क : पहिल्यांदा करून पाहणाऱ्यांसाठी

बीएचए, बीएचटी किंवा टीबीएचक्यू ही कृत्रिम अँटिऑक्सिडंट (हवेमुळे तेलाचा होणारा बिघाड लांबवणारी द्रव्यं) न घालता, एखाद्या वनस्पतीच्या अर्कावर खाद्यतेल टिकवता येईल का? हा प्रश्न घेऊन या कामात उतरणाऱ्याला माहिती कमी पडत नाही, ती विस्कटलेली असते. एकीकडे शोधनिबंधांतले आकडे, दुसरीकडे "तेलात चार पानं टाकून ठेवा" असले सल्ले, आणि मधला रस्ता कुणी नीट सांगत नाही. मी हे काम पायरी-पायरीने केलं आहे, म्हणून तो मधला रस्ता इथे लिहितो आहे. लहान प्रमाणावर तेल काढणारे, अन्नतंत्रज्ञान शिकणारे आणि हौसेने प्रयोग करणारे, तिघांनाही तो चालावा.

सगळ्यात आधी माझं ठाम मत सांगतो. अर्काची परीक्षा तुम्ही ज्या तेलात तो घालणार आहात त्याच तेलात, आणि अर्क न घातलेल्या त्याच तेलाशेजारी ठेवून करा. ही तुलना नसेल तर बाकीचे आकडे कितीही देखणे असले तरी त्यांच्यावर निर्णय घेता येत नाही.

१. तेल नेमकं कशाने बिघडतं ते आधी बघा

खवटपणा दोन प्रकारांनी येतो आणि अर्काचा उपयोग त्यातल्या एकालाच होतो.

पहिला प्रकार पाण्यामुळे येतो. तेलात ओलावा किंवा बियांमधलं लायपेज हे विकर राहिलं, तर तेलाचे रेणू फुटून मुक्त मेदाम्लं सुटतात आणि ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे या मुक्त आम्लांचं माप, वाढते. हे कुठलाही अँटिऑक्सिडंट थांबवत नाही. बिया कोरड्या ठेवणं आणि तेल नीट निवळून गाळून घेणं, एवढाच त्यावर इलाज.

दुसरा प्रकार हवेतल्या ऑक्सिजनचा. मेदाम्लाच्या साखळीतून एक हायड्रोजन निघून गेला की तिथे फ्री रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन उरलेला, म्हणून अस्थिर रेणू) तयार होतो. तो ऑक्सिजन पकडतो, शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो आणि स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होऊन बसतो. ज्याचा हायड्रोजन गेला तो आता नवा रॅडिकल झालेला असतो, त्यामुळे साखळी चालूच राहते. हायड्रोपेरॉक्साइडला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. ते फुटून हेक्झनालसारखे अल्डिहाइड बाहेर पडले की नाकाला खवट वास येतो. म्हणजे वास येईपर्यंत बिघाड बराच पुढे गेलेला असतो.

वनस्पतींतली फिनॉलिक संयुगं या साखळीत मध्येच शिरून रॅडिकलला आपला हायड्रोजन देतात आणि स्वतः शांत राहतात, कारण त्यांच्यावरचा उरलेला इलेक्ट्रॉन वलयात पसरून स्थिर होतो. साखळी तिथे तुटते. मात्र प्रत्येक रेणू असा खर्च होतो. साठा संपला की तेल अर्क न घातलेल्या तेलासारखंच वेगाने बिघडू लागतं. यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवा : अर्क सुरुवातीलाच, ताज्या तेलात घालायचा असतो, आणि खवट झालेलं तेल अर्काने परत चांगलं होत नाही.

कुठलं तेल किती नाजूक हे त्याच्या मेदाम्लांवर ठरतं. ओलेइक आम्लापेक्षा लिनोलेइक आम्ल साधारण दहा-बारा पट वेगाने ऑक्सिडाइझ होतं आणि लिनोलेनिक त्याच्याही दुप्पट वेगाने. म्हणून जवसाचं तेल फार लवकर जातं, सूर्यफूल आणि सोयाबीन मधे येतात, आणि बहुतांश संतृप्त असलेलं खोबरेल या बाबतीत खूप दमदार असतं. खोबरेलात अर्क घालून "फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांनी अर्काला दोष देऊ नये.

२. उजेड, हवा, उष्णता आणि धातू यांचा बंदोबस्त

ही पायरी अनेक जण गाळतात. साठवण सुधारल्याशिवाय अर्क घालणं म्हणजे गळक्या हौदात पाणी भरणं.

तेल गडद काचेच्या किंवा अपारदर्शक भांड्यात, गळ्यापर्यंत भरून ठेवा. अर्ध्या रिकाम्या डब्यातली हवा तेलावर सतत काम करत असते. जमत असेल तर वरच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन भरा. जागा थंड हवी.

धातूंबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. तांबं आणि लोह अगदी अल्प प्रमाणातही हायड्रोपेरॉक्साइड फोडतात आणि नव्या साखळ्या सुरू करतात. रिफाइंड तेलासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या प्रमाणकात लोहाची मर्यादा किलोला १.५ मिलिग्रॅम आहे आणि तांब्याची फक्त ०.१ मिलिग्रॅम. तांबं किती घातक आहे याचा अंदाज या दोन आकड्यांच्या तफावतीतून येतो. त्यामुळे तांब्या-पितळेची भांडी, नळ्या, तोट्या आणि गंजलेले डबे या कामातून पूर्ण बाहेर काढा. स्टेनलेस स्टील किंवा काच वापरा.

३. सामान गोळा करा

अर्क काढण्यासाठी :
– वाळवलेली, ओळख पक्की असलेली वनस्पती
– खाण्यायोग्य दर्जाचं एथिल अल्कोहोल (९५–९६ टक्के) आणि शुद्ध पाणी
– दळण्यासाठी ग्राइंडर, चाळणी
– झाकणाची काचेची बरणी, मलमलचं कापड, फिल्टर पेपर
– अल्कोहोल उडवण्यासाठी रोटरी इव्हॅपोरेटर (निर्वातात कमी तापमानाला द्रव उडवणारं यंत्र), नाहीतर ज्योत नसलेला वॉटर बाथ आणि चांगली खेळती हवा
– ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा (०.००१ असेल तर उत्तम)

तपासण्यासाठी :
– ६० ते ६३ अंश सेल्सिअस तापमान स्थिर ठेवणारा ओव्हन
– एकसारख्या आकाराचे काचेचे बीकर
– ब्युरेट, स्टॉपर असलेले फ्लास्क
– ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, क्लोरोफॉर्म, पोटॅशियम आयोडाइड, सोडियम थायोसल्फेट, स्टार्च

हे दुसरं सामान घरी ठेवण्यासारखं नाही. क्लोरोफॉर्मचं काम वाफ बाहेर खेचणाऱ्या फ्यूम हूडमध्येच व्हायला हवं. प्रयोगशाळा हाताशी नसेल तर नमुने तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवा, किंवा पेरॉक्साइडसाठी मिळणाऱ्या चाचणी-पट्ट्या वापरा. पट्टीवर अचूक आकडा मिळत नाही, पण दोन नमुन्यांतला मोठा फरक कळतो.

४. वनस्पती निवडा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं थांबून सांगतो.

रोझमेरी या क्षेत्रात पुढे का आहे, याचं कारण जुनं आहे. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३२ मसाल्यांची चरबीत परीक्षा झाली आणि त्यात रोझमेरी व सेज सर्वांत प्रभावी ठरले. रोझमेरीतलं कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसॉल तेलात विरघळतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू. शिवाय तापल्यावर कार्नोसिक आम्लापासून कार्नोसॉल आणि पुढे रोझमॅनॉलसारखी संयुगं बनतात, आणि तीही काम करत राहतात. नवख्या माणसाने पहिला प्रयोग रोझमेरीवरच करावा असं मला वाटतं. चांगला निकाल कसा दिसतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की बाकीच्या वनस्पती जोखता येतात.

ग्रीन टीतले कॅटेचिन अँटिऑक्सिडंट म्हणून जबरदस्त आहेत. अडचण एवढीच की ते पाण्यात रमणारे आहेत आणि तेलात तळाशी बसतात. कारखान्यांत ते मेदाम्ल जोडून तेलात विरघळतील असे केले जातात किंवा लेसिथिनसारख्या इमल्सिफायरबरोबर घातले जातात. डाळिंबाच्या सालीतली प्युनिकॅलॅजिन आणि द्राक्षबियांतली प्रोअँथोसायनिडिन यांचंही दुखणं हेच.

लवंगेतलं युजेनॉल, ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल, थाइममधलं थायमॉल तेलात सहज विरघळतात आणि साखळीही तोडतात, पण त्यांचा वास तेलावर चढतो. शिवाय ही संयुगं उडून जाणारी आहेत, तापवलेल्या तेलात फार काळ राहत नाहीत.

तिळाचं उदाहरण आवर्जून अभ्यासा. लिनोलेइक आम्ल भरपूर असूनही तिळाचं तेल चांगलं टिकतं. त्यातलं सेसमोलिन उष्णतेने फुटून सेसमॉल तयार होतं आणि ते प्रभावी अँटिऑक्सिडंट आहे. काही तेलांच्या अंगातच हे संरक्षण असतं. तांदळाच्या कोंड्याच्या तेलातलं गॅमा-ओरायझॅनॉल, ऑलिव्हमधलं हायड्रॉक्सिटायरोसॉल आणि जवळपास सगळ्याच वनस्पती तेलांतले टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्वाच्या गटातली संयुगं) हे त्यातलेच. तेल जितकं कमी प्रक्रिया केलेलं, तितका हा साठा जास्त शाबूत. म्हणून घाण्याच्या तेलात अर्काचा फरक कमी दिसतो आणि रिफाइंड तेलात जास्त दिसतो.

सापळा : "अमुक वनस्पतीची डीपीपीएच चाचणी ९० टक्के आली" यावर भुलून निवड करू नका. रॅडिकल शांत करण्याची ताकद मोजणारी ती चाचणी बहुतेक वेळा मिथेनॉलच्या द्रावणात, ५१७ नॅनोमीटरवर रंग किती उतरला हे पाहून केलेली असते. तिथे ना तेल असतं, ना धातू, ना हवेशी लागलेला पृष्ठभाग. चाळणी म्हणून ती ठीक आहे. तेलात मात्र काही ध्रुवीय, म्हणजे पाण्यात रमणारी, संयुगं अपेक्षेपेक्षा चांगली ठरतात आणि काही तेलात विरघळणारी संयुगं मागे पडतात. यालाच पोलर पॅराडॉक्स म्हणतात, आणि तो नियमही सगळीकडे लागू पडत नाही.

५. वनस्पती पूर्ण वाळवा, आणि हा इशारा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

ताजी पानं, ओला लसूण, ओली मिरची थेट तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला ठेवणं धोकादायक आहे. तेलाखाली हवा नसते, ओल्या भाजीत आम्लता कमी असते, आणि अशा जागी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवाणू वाढून विष तयार करू शकतो. त्या विषाला वास नाही, चव नाही, तेल दिसायला छान असतं. १९८५ साली कॅनडात व्हँकूव्हर येथे तेलातल्या लसणातून बोट्युलिझमची लागण होऊन ३६ जण आजारी पडले होते. अँटिऑक्सिडंट अर्क जीवाणू थोपवेल या भरवशावर राहू नका.

म्हणून पानं सावलीत किंवा ४०–४५ अंशांवर, हातात घेतल्यावर कुरकुरीत चुरा होईल इतकी वाळवा. कडक उन्हात वाळवली तर फिनॉलिक संयुगांचा काही भाग तिथेच जातो. मग जाडसर दळा. मैद्यासारखं बारीक केलं की फिल्टर तुंबतो आणि अर्कात गाळ उतरतो.

ताज्या पाल्याचं स्वादाचं तेल करायचंच असेल तर ते फ्रिजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपवा. टिकवण्याच्या कामाशी त्याचा संबंध नाही.

६. अर्क काढा

एका पानातून दोन अगदी वेगळे अर्क निघू शकतात, हे आधी समजून घ्या. रोझमेरीच पुन्हा घेऊ. तीव्र, ९० टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये कार्नोसिक आम्ल उतरतं. पाणी जास्त केलं की रोझमॅरिनिक आम्ल उतरू लागतं, आणि ते पाण्याकडे ओढ असलेलं आहे. तेलासाठी काम करायचं तर अल्कोहोल तीव्र ठेवा. डाळिंबाच्या सालीसारख्या ठिकाणी ७० टक्क्यांचं अल्कोहोल जास्त फिनॉलिक बाहेर काढतं, पण तो अर्क तेलात मिसळताना त्रास देतो.

कृती अशी :

अ) १०० ग्रॅम जाडसर भुकटी बरणीत घ्या, १ लिटर अल्कोहोल ओता, झाकण लावून अंधारात २४ तास ठेवा. मधूनमधून हलवा.

आ) मलमलने पिळून घ्या. उरलेल्या चोथ्यावर अर्धा लिटर ताजं अल्कोहोल घालून पुन्हा एकदा हेच करा. दोन्ही द्रव एकत्र करा.

इ) फिल्टर पेपरमधून गाळा.

ई) निर्वातात ४० अंशांच्या आसपास अल्कोहोल उडवा. रोटरी इव्हॅपोरेटर नसेल तर पसरट भांड्यात वॉटर बाथवर, उघड्या ज्योतीपासून आणि ठिणगी पाडणाऱ्या उपकरणांपासून लांब. अल्कोहोलची वाफ खोलीच्या तापमानालाही पेट घेते.

उ) उरलेला घट्ट अर्क वजन करून गडद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा. बाटलीवर वनस्पती, तारीख, अल्कोहोलची तीव्रता आणि उतारा लिहा. उतारा म्हणजे अर्काचं वजन भागिले भुकटीचं वजन, गुणिले १००.

सापळा, आणि हा मोठा आहे : पानांच्या अर्काबरोबर हरितद्रव्य येतं. उजेडात हरितद्रव्य ऑक्सिजनला सिंग्लेट या फार सक्रिय अवस्थेत नेतं, आणि तसा ऑक्सिजन मेदाम्लांवर थेट, हजार पटींहूनही जास्त वेगाने हल्ला करतो. साखळी तोडणारे फिनॉल याला फारसे आडवे येऊ शकत नाहीत, कारण इथे साखळीची गरजच पडत नाही. म्हणजे हिरवागार अर्क घातलेलं तेल पारदर्शक बाटलीत खिडकीशी ठेवलं तर ते साध्या तेलाआधी खवट होऊ शकतं. ॲक्टिव्हेटेड कार्बनने रंग काढता येतो, मात्र कार्बन फिनॉलिक संयुगंही थोडीफार ओढून घेतो. त्यामुळे कार्बन बेताने वापरा आणि तेल अंधारातच ठेवा.

डिनेचर्ड स्पिरिट किंवा मिथेनॉल खाण्याच्या अर्कासाठी कधीही वापरू नका. शोधनिबंधांत मिथेनॉल दिसतं, कारण तिथे अर्क खायचा नसतो.

७. मात्रा ठरवा आणि तेलात मिसळा

हिशेब नेहमी वजनावर करा. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नाही, ते साधारण ०.९२ किलो भरतं. किलोला १००० मिलिग्रॅम म्हणजे ०.१ टक्का.

घरी काढलेल्या कच्च्या अर्कासाठी किलोला २००, ५०० आणि १००० मिलिग्रॅम अशा तीन मात्रा घ्या. विकतच्या प्रमाणित अर्कावर सक्रिय घटकाची टक्केवारी लिहिलेली असते, तिथे हिशेब त्या घटकावर करायचा. समजा रोझमेरी अर्कात कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसॉल मिळून १० टक्के आहेत आणि तेलात ते किलोला ३० मिलिग्रॅम हवे आहेत, तर अर्क किलोला ३०० मिलिग्रॅम लागेल.

"जास्त घातलं तर जास्त टिकेल" हे इथे खरं नाही. अल्फा-टोकोफेरॉल हे त्याचं ठळक उदाहरण. ठरावीक मात्रेपुढे ते उलट ऑक्सिडेशनला मदत करू लागतं. फिनॉलिक संयुगांचंही धातूंच्या संगतीत असं होतं. ती लोहाचं रूप बदलून त्याला अधिक सक्रिय करतात. म्हणून थोडं सायट्रिक आम्ल, किलोला ५० ते १०० मिलिग्रॅम, जोडीला घ्यावं. ते धातूला धरून ठेवतं. तेलात ते जवळजवळ विरघळत नाही, तेव्हा थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घाला.

मिसळताना सगळा अर्क सगळ्या तेलात एकदम ओतू नका. आधी मास्टरबॅच, म्हणजे थोड्या तेलातलं तीव्र मिश्रण, करा. पाच किलो तेलाला किलोला ५०० मिलिग्रॅम द्यायचे तर एकूण अर्क २.५ ग्रॅम. तो २२.५ ग्रॅम तेलात ५०–६० अंशांवर, फेस न आणता, हळूहळू ढवळून एकजीव करा. एकजीव होत नसेल तर अर्क आधी थोड्या अल्कोहोलमध्ये सैल करा, मग तेलात घालून अल्कोहोल उडवून टाका. ही १० टक्क्यांची मास्टरबॅच मग उरलेल्या तेलात मिसळा. जोरात घुसळलं तर हवा आत जाते, म्हणजे ज्याच्यापासून तेल वाचवायचं तेच आपण आत कोंडतो.

एक रात्र स्थिर ठेवून तळ बघा. गाळ बसला असेल तर तुमची खरी मात्रा कागदावरच्या मात्रेपेक्षा कमी आहे. गाळासकट तेल तपासून निष्कर्ष काढू नका. गाळून घ्या, मग तपासा.

८. परीक्षा घ्या

ओव्हनमधली ही चाचणी शाल चाचणी म्हणून ओळखली जाते. ६०–६३ अंशांवर एक दिवस म्हणजे खोलीच्या तापमानाला अंदाजे एक महिना असा ठोकताळा सांगतात. तो ठोकताळाच समजा, बाटलीवर छापायची मुदत त्यावरून काढू नका.

बीकर असे लावा : अर्क नसलेलं तेल, तीन मात्रांचं तेल, आणि तुलनेसाठी किलोला २०० मिलिग्रॅम बीएचटी घातलेलं तेल. अमेरिकेत बीएचए, बीएचटी आणि टीबीएचक्यू यांची एकत्रित मर्यादा स्निग्धांशाच्या ०.०२ टक्के, म्हणजे किलोला २०० मिलिग्रॅम आहे, म्हणून हीच मात्रा तुलनेला घेतात. अर्क अल्कोहोलमधून घातला असेल तर अर्क नसलेल्या तेलालाही तेवढंच अल्कोहोल देऊन उडवा. प्रत्येकाचे किमान तीन बीकर हवेत. तेलाचं वजन सारखं, बीकरचं तोंड सारखं, आणि रोज बीकरांच्या जागा बदला, कारण ओव्हनच्या कोपऱ्या-कोपऱ्यांत तापमान वेगळं असतं.

सुरुवातीला आणि मग दर दोन-तीन दिवसांनी पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेलातल्या हायड्रोपेरॉक्साइडचं माप, काढा :

– फ्लास्कमध्ये ५ ग्रॅम तेल, त्यात ॲसिटिक ॲसिड आणि क्लोरोफॉर्म ३:२ प्रमाणातलं ३० मिली मिश्रण.
– पोटॅशियम आयोडाइडचं ताजं संपृक्त द्रावण ०.५ मिली. हे द्रावण रंगहीन हवं. पिवळं झालं असेल तर टाकून द्या.
– एक मिनिट हलवत थांबा, मग ३० मिली पाणी.
– थायोसल्फेटने टायट्रेट करा, म्हणजे ब्युरेटमधून ते थेंबथेंब सोडत किती लागलं ते मोजा. पिवळा रंग फिका पडला की मगच स्टार्च घाला आणि निळा रंग जाईपर्यंत पुढे चला.
– तेल न घेता हेच एकदा करा, त्याला ब्लँक म्हणतात.

दोन वाचनांतला फरक (मिली) गुणिले थायोसल्फेटची नॉर्मॅलिटी (द्रावणाची तीव्रता) गुणिले १०००, भागिले तेलाचं वजन. फरक २.४ मिली, नॉर्मॅलिटी ०.०१ आणि तेल ५ ग्रॅम असेल तर उत्तर ४.८ मिलिइक्विव्हॅलंट प्रति किलो. कोडेक्सच्या प्रमाणकात रिफाइंड तेलाला १० आणि व्हर्जिन व कोल्ड प्रेस्ड तेलाला १५ ही कमाल मर्यादा आहे.

सुरुवातीचा आकडाच ५–६ असेल तर ते तेल प्रयोगाला घेऊ नका. साखळी आधीच रंगात आलेली आहे, अर्काला न्याय मिळणार नाही.

क्लोरोफॉर्मचा टाकाऊ द्रव बेसिनमध्ये ओतायचा नाही, वेगळ्या बाटलीत साठवून विल्हेवाटीला द्यायचा. तपासलेलं तेल खायचं नाही, हेही सांगून ठेवतो.

९. आकडे वाचताना

आलेख काढा, दिवस आडवे आणि पेरॉक्साइड उभे. अर्क नसलेल्या तेलाची रेघ काही दिवस सपाट राहून एकदम वर चढते. त्या सपाट भागाला इंडक्शन काळ म्हणतात. अर्क चांगला असेल तर सपाट भाग लांबतो. अर्क घातलेल्या तेलाचा काळ भागिले न घातलेल्या तेलाचा काळ, हा संरक्षणाचा गुणक. तो एकच्या आसपास असेल तर अर्क निरुपयोगी, एकच्या खाली असेल तर अपायकारक. एकच्या खालचे निकाल टाकून देऊ नका. हरितद्रव्य, धातू की जास्त मात्रा, कुठे शोधायचं हे त्यांच्यातूनच कळतं.

पेरॉक्साइड व्हॅल्यू नंतर खाली येते, कारण पेरॉक्साइड फुटून अल्डिहाइड होतात. वास खवट आणि आकडा कमी, असं दिसलं की तेल सुधारलं समजू नका. हे अल्डिहाइड मोजणारी ॲनिसिडीन व्हॅल्यू काढून घ्या. पेरॉक्साइडची दुप्पट अधिक ॲनिसिडीन, याला टोटॉक्स म्हणतात आणि त्यात दोन्ही टप्प्यांचा बिघाड मोजला जातो. ॲनिसिडीन चाचणी रंगावर चालते, त्यामुळे गडद अर्कात तिच्या आकड्याकडे सावधपणे बघा.

ॲसिड व्हॅल्यू अर्क घातल्यावर किंचित वाढलेली दिसली तर दचकू नका. अर्कातली आम्लंही त्यात मोजली जातात.

रॅन्सिमॅट यंत्र मिळालं तर काम काही तासांत होतं. ते १०० अंशांच्या वर तापवलेल्या तेलातून हवा सोडून बाहेर येणारी बाष्पशील आम्लं पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून ओळखतं. पण तिथे युजेनॉल, थायमॉल उडून जातात आणि निकाल त्यांच्यावर अन्याय करतो.

आणि नाक वापराच. तीन झाकलेले कप घ्या, दोनांत एकच तेल, तिसऱ्यात वेगळं, आणि काय आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाला वेगळा कप ओळखायला सांगा. पहिल्याच दिवशी सगळ्यांना अर्काचा वास कळत असेल, तर टिकाऊपणा कितीही वाढो, ते तेल लोक घेणार नाहीत.

१०. तळणीच्या तेलाचं गणित वेगळं

१७०–१८० अंशांवर पाणी, हवा आणि अन्नाचे कण एकत्र काम करतात. ऑक्सिडेशनबरोबर रेणू जोडले जाऊन तेल घट्ट होतं. इथे पेरॉक्साइडचा आकडा फारसा काही सांगत नाही, कारण पेरॉक्साइड या तापमानाला टिकतच नाहीत. एकूण ध्रुवीय संयुगं मोजावी लागतात. अनेक युरोपीय देशांत २४ ते २७ टक्क्यांवर तेल टाकून द्यावं लागतं. साठवणीत चमकलेला अर्क तळणीत टिकेल असं धरून चालू नका, त्याची परीक्षा स्वतंत्र घ्या. वापरलेल्या तेलात अर्क घालून त्याचं आयुष्य ओढत नेणं तर अजिबात करू नका.

११. विकायचं असेल तर

एखादी वनस्पती रोज खाल्ली जाते म्हणून तिचा अल्कोहोलमधला अर्क तेलात घालायला आपोआप परवानगी मिळत नाही. अर्कात घटक अनेक पटींनी एकवटलेले असतात, आणि अँटिऑक्सिडंट म्हणून घातला की कायद्याच्या दृष्टीने तो अन्न-योजक ठरतो. युरोपीय संघात रोझमेरीच्या अर्काला २०१० मध्ये ई ३९२ या योजक-क्रमांकाने मान्यता मिळाली, पण मर्यादा कडक आहेत. बहुअसंतृप्त (लिनोलेइक, लिनोलेनिकसारखी) मेदाम्लं १५ टक्क्यांहून जास्त असलेल्या आणि न तापवता खायच्या पदार्थांत जाणाऱ्या तेलांत कार्नोसिक आम्ल व कार्नोसॉल मिळून किलोला ३० मिलिग्रॅम. व्हर्जिन तेलं आणि ऑलिव्ह तेल त्यातून वगळलेली आहेत. तुमच्या देशाची यादी वेगळी असेल, ती अर्क काढण्याआधी वाचा. नाहीतर महिनोन्महिने तपासलेला अर्क विकताच येत नाही अशी वेळ येते.

हाताशी ही कागदपत्रं ठेवा :
– अन्ननियामक संस्थेचा परवाना आणि परवानगी असलेल्या योजकांच्या यादीतली तुमच्या अर्काची नोंद
– वनस्पतीची शास्त्रीय नावासह ओळख पटवणारा दाखला
– अल्कोहोल खाण्यायोग्य दर्जाचं असल्याचं प्रमाणपत्र
– अर्काचा विश्लेषण अहवाल : सक्रिय घटक, उरलेलं अल्कोहोल, कीटकनाशकं, जड धातू
– तेलाचे सुरुवातीचे आणि साठवणीतले पेरॉक्साइड व ॲसिड व्हॅल्यूचे अहवाल
– बॅचवार नोंदवही : कुठला अर्क, किती, कुठल्या तेलात, कोणत्या तारखेला

लेबलवर अर्काचं नाव नियमात सांगितलेल्या पद्धतीनेच लिहा. तिळासारख्या ॲलर्जी देणाऱ्या वनस्पतीचा अंश असेल तर तो उल्लेख ठळक हवा. आणि प्रत्येक बॅचची एक सीलबंद बाटली मुदत संपेपर्यंत अंधारात बाजूला ठेवा. तक्रार आलीच तर तेल कारखान्यात बिघडलं की दुकानाच्या उजेडात, हे त्या बाटलीवरून तपासता येतं.